अख्ख्या मटकीची साक्ष

१

शिट्टी वाजली तेव्हा सगळी पोरं मैदानाकडं तोंड करून उभी होती. दुसऱ्या फेरीला त्यातली बरीचशी उसाच्या दिशेनं पळायला लागली, आणि ज्या वेगानं पळाली तो वेग त्यांनी चाचणीत कधी दाखवला नव्हता.

पलूसच्या बाहेर उसाच्या रानांना लागून सुभेदार धैर्यशील यांची भरती अकॅडमी आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती काढली आणि शिस्तही तिथूनच आणली. रात्री सगळ्यांनी ताट चाटूनपुसून जेवायचं, उपासतापास बंद, पहाटे सुभेदारांनी स्वतः उकळलेला गुळवेलीचा कडू काढा उपाशीपोटी घ्यायचा आणि मग पळायचं. सातारच्या भरतीआधीची ही शेवटची चाचणी होती. तिसऱ्या फेरीला मैदानात एकटा यशराज राहिला. एरवी तो सगळ्यांच्या मागं असायचा. आज पहिला आला, कारण मागं कुणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात ऑफिसच्या व्हरांड्यातून मॅनेजर निमिष तोंड पुसत आला.

"सर, मलाही आत्ता उलटी झाली. कालची मटकीची उसळ. सरळसरळ विषबाधा आहे ही."

गावातले डॉक्टर आले. कुणाला ताप नाही, निमिष सोडला तर कुणाला उलटी नाही, नुसतं पाण्यासारखं होतंय, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, असं सांगून गेले. पण सुभेदारांचा पारा उतरला नाही. त्यांनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. बाहेर स्वयंपाक करणारी अंबूबाई उभी होती, नाश्त्याच्या पिठानं भरलेले हात तसेच घेऊन.

"आज सांजच्याला सगळ्यांम्होरं निकाल लावतो," सुभेदार म्हणाले. "तवर चुलीकडं फिरकायचं न्हाई, अंबूबाई."

"सांगलीत माझ्या ओळखीचा एक केटरर आहे सर," निमिष हळूच म्हणाला. "उद्यापासून यायला तयार आहे."

अंबूबाई हातावरचं पीठ खरवडत राहिली. नवरा गेल्यापासून तिनं या चुलीवर पोरांच्या किती तुकड्या जेवू घालून वर्दीत पाठवल्या होत्या. आज तिच्या हातच्या अन्नाला विष म्हटलं गेलं होतं, आणि ते खोटं ठरवायला तिच्याकडं संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

२

विनोदिनीबाई दर रविवारी स्कूटरवरून येतात. मूळच्या वाईच्या, पण पलूसच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता केस पिकले. अकॅडमीतल्या पोरांचा लेखी परीक्षेचा तास त्या घेतात. आजचा धडा होता पचनसंस्था. वर्गात आल्या तर बाकं रिकामी आणि संडासापुढं रांग.

"वा," त्या म्हणाल्या, "आज प्रात्यक्षिक दिसतंय."

मग त्यांना पायरीवर बसलेली अंबूबाई दिसली आणि चेष्टा जागेवरच थांबली.

"काय झालं, अंबूबाई?"

"काय सांगू बाई. म्या पोरांच्या ताटात इख कालवलं म्हंत्यात. सणावारालाबी कवा कुलूप पडलं न्हाई ह्या दाराला."

"उसळ उरली आहे थोडी?"

"कुठली वो! पातेलं पुसून खाल्लं पोरांनी. रात्रीच घासून पालथं घातलं. चाखायला दाणा न्हाई."

"तुम्ही खाल्लीत?"

"खरवड खाल्ली की. मला कायबी झालं न्हाई. पर माझं कोण ऐकतंय? म्हंत्यात, हिचं प्वाट दगडाचं हाय."

"आणि सगळे इथंच बसून जेवले?"

"पोरं समदी हितंच. निमिषसायेब तेवढं डबा भरून खोलीवर घिऊन गेलं. काम हाय म्हनालं." अंबूबाईनं पदरानं डोळे टिपले. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, समोरच्या खोलीत बाजेवर पडलेल्या साईराज नावाच्या पोराकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं.

विनोदिनीबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. तीस वर्षं शेवटच्या बाकावर लक्ष ठेवलेली बाई ती.

"अंबूबाई, तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"न्हाई बाई."

"तुमची चूल जाईल."

"जाऊ दे," अंबूबाई म्हणाली, आणि उठून निंबाखाली जाऊन बसली.

३

सुभेदारांनी चौकशीची परवानगी दिली, पण कपाळाला आठ्या घालून. "इचारा काय इचारायचं ते. पर सांजच्या आत. आलोच मी, जरा मोटर बघून येतो." असं म्हणून ते मोटरसायकलला किक मारून विहिरीकडं गेले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

निमिष मात्र अगदी तयारीत होता. ऑफिसच्या छोट्या फ्रीजमधून त्यानं प्लॅस्टिकचा डबा काढला. वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तारीख.

"माझी उलटी, मॅडम. साडेसहाला झाली. सांगलीला लॅबमध्ये पाठवणार आहे. पुरावा नको का?"

"नको कसा? हवाच," बाई म्हणाल्या. "किती वाजता जेवला होतात?"

"आठला. भाकरी, उसळ, भात."

"त्यानंतर काही खाल्लंत?"

"पाण्याचा घोटसुद्धा नाही."

बाईंनी झाकण उघडलं, आत डोकावल्या, आणि विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये तोंड घालावं तसं नाक जवळ नेलं. निमिषनं मान फिरवली. बाईंनी झाकण लावलं.

"जपून ठेवा हं," त्या म्हणाल्या. "फार मोलाचं आहे."

मग त्या पोरांच्या खोलीत शिरल्या. पोरं गळून पडली होती, तरी बाईंना बघून सावरून बसली.

"एक प्रश्न विचारते. लाजायचं नाही, हा अभ्यासक्रमातला आहे. काल रात्री खोलीत वारा किती सुटला होता?"

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्कन हसलं आणि धरण फुटलं.

"आवं मॅडम, काय इचारताय! मटकी म्हंजे लय वाईट. मध्यरातीपास्नं दिवाळीच."

"सगळ्यांत मोठा कोण?"

"यशराज!" सगळे एकदम ओरडले. "तोफखान्यातच भरती करा त्याला, मॅडम. खिडकी उघडून झोपलो आमी."

"आणि सगळ्यांत शांत?"

पोरं विचारात पडली.

"साईराज," त्याच्या शेजारच्या बाजेवरचा म्हणाला. "त्याच्याकडनं फुस्सबी न्हाई. मीच म्हनलो, गड्या, तू मानूस हाईस का मूर्ती?"

साईराज हसला नाही. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि ते काही जुलाबामुळं नव्हतं.

४

"चल, जरा ऊन खाऊ," बाई म्हणाल्या आणि साईराजला बाहेर घेऊन आल्या. बोलावलं नव्हतं तरी यशराजही मागून आला.

"मटकीतली काही साखर आपल्याला पचतच नाही," बाईंनी चालता चालता सुरुवात केली. "जठरात नाही, लहान आतड्यात नाही. ती तशीच खाली मोठ्या आतड्यात उतरते. तिथं कोट्यवधी जिवाणू पंगत मांडून बसलेले असतात. ते ती खातात आणि वायू सोडतात. हे सगळं व्हायला जेवणानंतर काही तास जातात, म्हणून तुमची दिवाळी मध्यरात्री. आता मला सांग साईराज, तुझ्या आतड्यातल्या जिवाणूंना काल सुट्टी होती का?"

"मॅडम, त्यो जेवलाच न्हाई," यशराज पटकन म्हणाला. "एकादशी हुती. भरती होस्तोवर एकादशी धरीन म्हनून ह्यानं देवाला बोललंय. सरांना कळलं तर हाकलत्याल. मागल्या साली एकाला घालवलंय उपासापायी. म्हनून ह्याचं ताट मी खाल्लं. माझंबी आन ह्याचंबी."

"म्हणजे तू दोन ताटं उसळ खाल्लीस. आणि तुला काही झालं नाही."

"पादलो की मॅडम."

"ते सोडून."

"न्हाई."

"आणि साईराज, तू दाणासुद्धा खाल्ला नाहीस, तरी तुला जुलाब."

"व्हय मॅडम." साईराज आता पहिल्यांदाच बोलला. "अंबूमावशीला समदं ठावं हाय. तिनंच मला खोलीत शेंगदाणं आन केळी आनून दिली. तिनं सांगितलं तर ती सुटती. पर ती बोलंना, आन माझीबी जीभ उचलंना."

विनोदिनीबाईंना पायरीवरचं ते मिटलेलं तोंड आठवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुमची नावं मी कुणालाही सांगणार नाही. पण म्हणजे दोष उसळीचा नव्हे. तुम्ही सगळ्यांनी घेतलं आणि यशराजनं घेतलं नाही, असं काहीतरी. यशराज, सकाळचा काढा प्यायलास?"

यशराज इतका दचकला की उत्तर द्यायची गरजच उरली नाही.

"लय कडू असतोय मॅडम," तो पुटपुटला. "मी रोज तोंडात घेतल्यागत करतो आन बाटलीत सोडतो. मागनं उसात वततो. आज गडबडीत ऱ्हायलं. बाटली बाजंखालीच हाय."

"पळ," बाई म्हणाल्या. "सकाळी पळालास त्याहून जोरात."

५

पत्र्याची शेड उन्हानं तव्यासारखी तापली होती. बाईंनी स्टीलची ताटली पत्र्यावर ठेवली आणि बाटलीतला काढा तिच्यात पातळसा पसरला. शेजारी दुसरी ताटली ठेवली. बोअरच्या खोलीत मॅग्नेशियम सल्फेटचं फोडलेलं पोतं होतं. ऊस पिवळा पडला की पानांवर फवारतात, या भागात कुणाच्याही घरी सापडेल. त्यातली चिमूट त्यांनी पाण्यात विरघळवून दुसरीत ओतली. मग सावलीला बसून वर्तमानपत्रानं वारा घेत राहिल्या.

ऊन कलता कलता दोन्ही ताटल्या वाळल्या. एकीत तपकिरी साय, आणि तिच्यातून उगवलेल्या पांढऱ्या सुया. दुसरीत नुसत्याच सुया. बाईंनी जिभेच्या टोकाला कणभर लावून बघितलं आणि थू करून थुंकल्या. दोन्हींची चव कडू-खारट, तीच. निव्वळ गुळवेलीत असल्या सुया उगवत नाहीत.

पोरांचं काय झालं ते कळलं. कुणी केलं याचाही अंदाज होता. पण हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं तर साईराज आणि यशराजचं नाव घ्यावं लागणार, आणि नाव कुणाला सांगणार नाही असा शब्द त्या दोघांना देऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात सुभेदारांची मोटरसायकल पुन्हा विहिरीकडं गेली. आता कितव्यांदा ते मोजणंही बाईंनी सोडलं होतं.

त्या चटकन ताठ बसल्या.

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बाईंचे घरमालक रात्रभर उसाला पाणी पाजत होते. मग दिवसाढवळ्या, लाईट नसताना, सुभेदार कुठली मोटर बघायला जात होते?

काढा उकळणारा रोज आधी स्वतः एक पेला घेतो, हे अख्ख्या अकॅडमीला माहीत होतं. आणि सुभेदार जेवायला घरी जातात, बायकोच्या हातचं.

६

संध्याकाळी मैदानात सतरंज्या पडल्या. पोरं पोट धरून बसली. अंबूबाई कडेला उभी होती, पदर घट्ट लपेटून. निमिषनं तो डबा टेबलावर असा मांडला होता, जशी काही बक्षिसाची ढालच.

"मॅडम, काय घावलं का?" सुभेदारांनी विचारलं. त्यांचेही डोळे खोल गेले होते.

"घावलं. पण आधी एक विचारते. काल रात्री ज्यानं ही उसळ खाल्लीच नाही आणि तरी ज्याचं पोट गेलं, असा कुणी आहे का इथं?"

त्यांची नजर सुभेदारांवर होती. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. सीमेवर गोळ्या झेललेला माणूस, पोरांसमोर जुलाब कबूल करणं त्याला जमेना.

उठला तो साईराज.

"मी हाय," तो म्हणाला. "माझी एकादशी हुती सर. मी जेवलो न्हाई. मला हाकलायचं तर हाकला, पर मावशीनं काय केलं न्हाई."

"खाली बस रं येड्या!" अंबूबाई ओरडली. "भरती तोंडावर आलीया तुझी!"

पण यशराजही उभा राहिला होता. "आन त्याचं ताट मी खाल्लं. दोन ताटं. मी ठनठनीत हाय सर. काढा तेवढा प्यालो न्हाई."

सगळ्यांच्या माना सुभेदारांकडं वळल्या. ते सावकाश उठले, सावधानमध्ये उभे राहतात तसे.

"पोरांनी लाज वाटायला लावली मला," ते म्हणाले. "माझंबी प्वाट पाटेपास्नं चालू हाय. मोटर-बिटर कायबी न्हाई. आन रातच्याला म्या घरी झुणका खाल्ला हुता."

कुणी हसलं नाही. नंतर दोन दिवस हसले, पण तेव्हा नाही.

बाई फळ्याकडं गेल्या. तोंडापासून खाली वळणं घेत जाणारी लांबलचक नळी त्यांनी काढली.

"हा एकेरी रस्ता आहे. प्रत्येक थांब्यावर घास किती वेळ थांबतो ते साधारण ठरलेलं असतं. काढ्यात मॅग्नेशियम सल्फेट घातलं होतं. ते फारसं रक्तात शोषलं जात नाही. आतड्याचं काम पाणी आत ओढून घ्यायचं, हे मात्र आतड्यातच पाणी धरून ठेवतं आणि अंगातलं पाणीही तिकडं खेचतं. उपाशीपोटी घेतलं तर तासा-दोन तासांत धरण सुटतं. म्हणून ताप नाही, उलटी नाही, नुसतं पाणी. अन्न बिघडलं असतं तर कुणी रात्री उठलं असतं, कुणी सकाळी, कुणाला ताप आला असता. एका शिट्टीवर सगळे पळाले नसते. काढा मुळात इतका कडू, की वरचा कडूपणा कळायला वावच नाही. सुभेदार, तुम्ही काढा निवायला कुठं ठेवता?"

"ऑफिसच्या व्हरांड्यात."

निमिष हसला. "मॅडम, व्हरांड्यात कुणीही जाऊ शकतं. आणि मी तर काढा घेतच नाही. मला उलटी झाली त्याचं काय? हा बघा पुरावा."

"हो, त्याकडंच येत होते." बाईंनी डबा उघडला आणि पुढच्या पोराच्या हातात दिला. "वास घे."

"मॅडम!"

"घे रे. कसला येतो?"

पोरानं डोळे मिटून हुंगलं. मग डोळे उघडले. "फोडनीचा. लसूण-खोबऱ्याचा."

"ओकारीला आंबट वास येतो, कारण जठरात आम्ल असतं. याला येत नाही. आता आत बघ. मटकी कशी आहे?"

"अख्खी हाय मॅडम. मोडासकट. आन नुस्ती उसळच. भाकरी न्हाई, भात न्हाई."

"आठला गिळलेला घास साडेसहाला बाहेर आला म्हणतात. जठर म्हणजे घुसळण आहे, निमिष. चार-पाच तासांत जेवणाची पेज करून पुढं ढकलतं. पहाटेपर्यंत तिथं मोडसुद्धा न मोडलेली मटकी राहात नाही. ही मटकी कुणाच्या दातांखालीही गेलेली नाही."

निमिषनं पोराच्या हातातून डबा काढून घेतला. "बरं, नसेल झाली मला उलटी. घाबरलो मी. सकाळी उरलेली उसळ घेतली, पुरावा हवा म्हणून."

"कुठून घेतलीत?"

"पातेल्यातून."

"आवं सायेब," अंबूबाई पहिल्यांदाच पुढं आली, "पातेलं तर रात्रीच पुसून घासलं म्या. पोरांनी दाणा ठेवला न्हाई. उसळ हुती ती फकस्त तुमच्या डब्यात."

"बरोबर," विनोदिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे यांनी ती रात्रीच बाजूला काढून ठेवली. जेवलेच नाहीत. रात्री सगळी पोरं ठणठणीत होती. मग सकाळी उलटी दाखवावी लागणार, हे यांना रात्रीच कसं कळलं? सकाळी काय होणार ते रात्री एकालाच माहीत असू शकतं. ते करणाऱ्याला."

"सांगलीचा त्यो केटरर तुजा कोन लागतोय?" सुभेदारांनी शांतपणे विचारलं. त्यांचा शांत आवाज पोरांनी कधी ऐकला नव्हता. आरडाओरड्यापेक्षा तो फार वाईट होता.

"मेव्हणा," निमिष म्हणाला. "सर, कुणाला काही व्हावं असं नव्हतं मनात. नुसतं एक दिवस पोट बिघडेल..."

"माझी पोरं भरतीला निघाल्यात," सुभेदार म्हणाले. "पानी कमी पडून एकांदं मेलं असतं तर? गाडीत बस. पोलीस ठाण्यात मी सोता घिऊन जातो तुला."

७

निघण्याआधी सुभेदारांनी खिशातून किल्ली काढली आणि अंबूबाईपुढं धरली. तिनं घेतली नाही.

"अंबूबाई, चुकलो मी."

"माझं सोडा. ह्या पोराचं काय?" तिनं साईराजकडं बोट केलं. "त्येला हाकलनार असला तर किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे. मला दुसऱ्याच्या चुली लय हाईत."

सुभेदारांनी साईराजकडं पाहिलं, मग यशराजकडं.

"उपास करायचा आसंल तर मला सांगून करायचा. अंबूबाई शेंगदानं देतील. आन तू रं, काढा न पिनाऱ्या... तू काढा पिऊ नगंस."

अंबूबाईनं किल्ली घेतली.

मग काय झालं ते नक्की कुणी सुरू केलं हे आजही सांगता येत नाही. तालमीत कुस्ती मारलेल्या पैलवानाला उचलतात तसं पोरांनी अंबूबाईला खांद्यावर उचललं. दिवसभर पाण्यावर राहिलेली ती पोरं, पण उचललं.

"आरं खाली ठेवा! पडंन की! मेल्यांनो, माझं लुगडं!"

"मावशी, गप बसा, फेरी घालायची हाय!"

सकाळी यशराज सोडून कुणालाच पुरी करता आली नव्हती ती फेरी त्यांनी तिला खांद्यावर घेऊन पुरी केली. वाटेत दोघं उसात पळाले, त्यांच्या जागी दुसरे दोघं खांदा द्यायला आले. विनोदिनीबाई टाळ्या वाजवत होत्या, हाताला खडू तसाच. आणि अंबूबाई, आधी ओरडणारी, मग हसणारी, शेवटच्या वळणावर पैलवानासारखा दंडावर शड्डू ठोकत वरूनच ओरडली,

"आज उसळ न्हाई! आज पातळ ताकभात मिळंल, आन त्यो समद्यांनी निवांत, चावून खायाचा!"